भांडीवाले सर

आमच्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असायचं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वाडीवर दिवाळी झाली की असं कुलूप बहुतेक घरांना लागे, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नसे. आई आणि आण्णा ऊसतोडीला जायचे. बैलगाडीत पोती, पोत्यांत भांडी आणि पोत्यांवर आम्ही भावंडं. कारखान्याच्या तळावर बांबूच्या चटयांची कोपी उभी करायची. आत वाकून जायचं, वाकूनच राहायचं. पहाटे ती दोघं उसाच्या फडात गेली की धाकट्याला मी सांभाळायची. माझी तिसरी दोन शाळांत मिळून झाली. अर्धी वाडीवर, आणि अर्धी तळावरच्या पत्र्याखाली, गुरुजी येतील त्या दिवशी.

चौथीच्या वर्षी गाडी भरताना आईनं माझं गाठोडं खाली काढून ठेवलं. "ही आपल्यासंगं येणार न्हाई," म्हणाली.

आण्णा म्हणाले, "मग पोराला कोण बघंल?"

"मी बघीन. फडात झोळी बांधीन."

एवढंच बोलणं झालं. मी वसतिगृहात राहिले, दहावी झाले, बारावी झाले, नगरच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. आमच्या भावकीत माझ्याआधी कॉलेजचं फाटक कुणी ओलांडलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी आण्णा सोडायला आले होते. त्यांनी रखवालदाराला विचारलं, "आत जायला काय लागतं?" तो म्हणाला, "काही नाही, जा की." आण्णांना ते खरंच वाटेना. हे मी मिरवायला सांगत नाही, पण लपवतही नाही.

मला पहिली नोकरी दिली ती सरांनी. कागदावर आता अहिल्यानगर झालेल्या, पण आमच्या तोंडात नगरच राहिलेल्या शहरात, एका खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. जिन्यात औषधांचा असा वास यायचा की नवा माणूस वर येईपर्यंत शिंकायला लागे. दूध संकलन केंद्रं, पतसंस्था आणि एक साखर कारखाना यांच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम बनवायचो. सर स्वतः तरुणपणी एका कारखान्याच्या संगणक विभागात होते. नोकरी सोडून त्यांनी हे थाटलं. ते नेवाशाकडून रोज लाल एस.टी.नं येत, आणि उन्हाळ्यातही बिनबाह्यांचा स्वेटर घालत. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मुलाखतीला त्यांनी माझी सर्टिफिकेटं हातात घेतली आणि न बघता टेबलावर पालथी ठेवली. मग विचारलं, "तुमच्या घरी भांड्यांवर नाव कोणाचं आहे?"

मला वाटलं, हा माणूस आडून जात काढतोय. राग आला. मी म्हणाले, "नाव नाही. खूण आहे. तळावर सगळ्यांची भांडी एकाच हौदावर घासायला जातात आणि सगळी सारखीच दिसतात. म्हणून आईनं बुडाला खिळ्यानं तीन रेघा मारल्यात."

"बुडाला का? काठाला का नाही?"

"भांडं पालथं घातलं की बूडच दिसतं."

सर खुर्चीत पुढे सरकले. स्वतःशीच म्हणाले, "पालथं घातलं की बूडच दिसतं." आणि मग मला, "उद्यापासून या."

जिना उतरताना मी ठरवलं होतं की माणूस चक्रम आहे. ते मत मी पुढे बदललं नाही. फक्त त्याच्या चक्रमपणात काय काय आहे ते हळूहळू कळत गेलं.

आता लायब्ररी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सरांचं सगळं वेड तिथेच होतं. आमच्या कामात लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एकदा लिहून, तपासून ठेवलेली छोटी छोटी कामं असतात. आकडा अक्षरात लिहून दे, तारीख मराठीत छाप, अशी. ती एका जागी ठेवायची आणि ज्या प्रोग्रॅमला लागतील त्यानं बोलवायची. म्हणजे तेच ते पुन्हा लिहावं लागत नाही. यातली काही कामं सगळ्या प्रोग्रॅमांना लागतात, काही एकट्या डेअरीच्याच उपयोगाची, काही एकट्या कारखान्याच्या. कोणतं कुठे ठेवायचं, एवढाच प्रश्न. आणि एवढ्या प्रश्नावर मोठमोठ्या ऑफिसांत लोक एकमेकांशी बोलेनासे होतात.

सरांनी त्याला त्यांचं उत्तर दिलं होतं. सगळ्यांच्या लायब्ररीला ते 'गावकी' म्हणत आणि एकेका प्रोग्रॅमच्या लायब्ररीला 'घर'. आमच्याकडे गावात देवळाच्या खोलीत लग्नकार्याची मोठी भांडी ठेवलेली असतात, गावकीची. पातेली, पराती, झारे. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यावीत, घासूनपुसून परत ठेवावीत. "गावकीच्या खोलीत कुणी आपलं चहाचं पातेलं नेऊन ठेवतं का?" सर विचारायचे. "नाही ना? आणि गावकीच्या पातेल्याला एकानं पोचा पाडला तर पुढच्या सगळ्या लग्नांत ते डुगडुगणार." म्हणून गावकीतल्या प्रत्येक कामाच्या डोक्यावर ते कोण कोण वापरतं त्यांची नावं लिहिलेली असत, भांड्यावर नावं घालतात तशी. त्यात बदल करायचा तर त्या सगळ्यांना विचारून. यावरूनच आम्ही त्यांना मागून भांडीवाले सर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

त्यांचे वडील भिक्षुकी करत. लहानपणी सर त्यांच्यामागे पंचपात्र घेऊन हिंडलेले. ते म्हणत, "वडिलांना मंत्र सगळीकडे तेच लागायचे, पण कुळाचार ज्या त्या घरचा. एका घरचा कुळाचार दुसऱ्या घरी लावला की म्हातारी बाई आतून ओरडलीच."

ऑफिसात ते कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी पाथर्डी. माझ्याशेजारी बसणारा, माझ्याहून दोन वर्षांनी जुना, हुशार आणि भलता घाईचा मुलगा म्हणजे सोनई. फोन घेणाऱ्या, आमचे पगार काढणाऱ्या आणि नाताळात सगळ्यांसाठी डबाभर करंज्या आणणाऱ्या बाई म्हणजे श्रीरामपूर मॅडम. जिल्ह्याचा नकाशाच बसलेला असायचा. "श्रीरामपूर, सोनईला फोन द्या" असं सर ओरडले की खालचा खतवाला गिऱ्हाइकाला सांगायचा, "वर एस.टी. स्टँड हाय."

गिऱ्हाइकाचा फोन ते उभं राहून घेत. कुणी काहीही नवीन लिहायला काढलं की मागून त्यांचा एकच शब्द यायचा, "कोणासाठी?" "सगळ्यांसाठी" हे उत्तर चालत नसे. "सगळे म्हणजे कोण? मला एक माणूस सांगा. नाव सांगा. तो कुठे बसतो ते सांगा."

आणि शनिवार. शनिवारी दुपारी सर एकेकाच्या मशीनवर बसत आणि 'इतर' नावाचं फोल्डर दिसलं की पुसून टाकत. 'नवीन', 'नवीन दोन', 'किरकोळ' यांनाही माफी नव्हती. न सांगता. माझ्या पहिल्याच शनिवारी माझं आठवड्याचं काम असं गेलं.

मी उभी राहिले. "सर, त्यात माझं सगळं होतं."

"कशात?"

"'इतर'मध्ये."

"'इतर' म्हणजे माळ्यावरचं गाठोडं. त्यात काय बांधलंय ते बांधणाऱ्यालाही आठवत नाही. काय काय होतं?"

मी सांगायला लागले आणि अडले. निम्म्या गोष्टी मला आठवेनात. सोनई मान खाली घालून हसत होता. मला रडू येईल असं वाटलं, पण ऊसतोड्याची पोर असल्या गोष्टीला रडत नाही. रविवारी ऑफिसची किल्ली मागून घेतली आणि सगळं परत लिहिलं. या वेळी प्रत्येक गोष्टीला नाव दिलं आणि ज्याच्या त्याच्या घरी ठेवली. सोमवारी सरांनी ते उघडून बघितलं. श्रीरामपूर मॅडमना म्हणाले, "पाथर्डीचा गेल्या महिन्याचा प्रवासखर्च राहिलाय का? देऊन टाका." त्यांची शाबासकी अशी कुठून तरी भलतीकडून यायची.

गावकीत काही ठेवायचं तर सरांची एक रीत होती, तिला ते 'तीन दारं' म्हणायचे. तीन वेगळ्या गिऱ्हाइकांना ते काम लागलं पाहिजे, आणि लिहिणाऱ्यानं त्या तिघांच्या शेजारी बसून ते कसं वापरलं जातं ते बघून आलं पाहिजे. मी एकदा मोठ्या उमेदीनं सभासदांची नावं आडनावाच्या क्रमानं लावायचं काम लिहिलं. पतसंस्थेत बसले, झकास चाललं. मग हिवरे बाजारच्या वाटेवरच्या एका छोट्या डेअरीत गेले. तिथले सचिव मशीनकडे बघून म्हणाले, "ताई, हे कशाला केलं?"

"आडनावावरून माणूस पटकन सापडतो."

"आमच्या गावात समदी एकाच आडनावाची हायेत. पार सरपंचापासनं. आमी नंबरानं बोलावतो, न्हाईतर म्हशीवरनं."

तेवढ्यात बाहेरून कुणी तरी आवाज दिला, "ओ भाऊ, चंद्रीवाल्याचं दूध घ्या आधी!" मी मुकाट्यानं वही मिटली आणि परत आले. सरांना सांगितलं, हे काम गावकीचं नाही, पतसंस्थेच्या घरी राहू दे. सर इतके हसले की स्वेटर वर सरकला. नंतर आठवडाभर ते गिऱ्हाइकांना फोनवर विचारत होते, "तुमच्याकडे माणसं कशावरून ओळखतात?"

असं चाललेलं असताना सरांच्या डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन हंगामाच्या तोंडावर आलं. जाताना त्यांनी आम्हाला एवढंच बजावलं, "गावकीला हात लावायची वेळ आली तर रीत पाळा." आणि ते घरी गेले. डॉक्टरांनी काही आठवडे स्क्रीनकडे बघायचंच नाही म्हणून सांगितलं होतं.

सोनईला नीटनेटकेपणाचं वेड. तेच काम दोन ठिकाणी लिहिलेलं दिसलं की त्याला खाज सुटायची. त्याला दिसलं की डेअरी, पतसंस्था आणि कारखाना, तिघांच्याही घरात 'आजचा दिवस कोणता' हे ठरवणारं एकेक काम आहे. त्यानं तिन्ही काढली, एक सुबक काम लिहिलं आणि गावकीत ठेवलं. रीतही पाळली. तीन दारं झाली, डोक्यावर तिघांची नावं घातली, तिघांना विचारलंही. फक्त शेजारी जाऊन बसण्याऐवजी फोन केला. हंगामाची घाई होती. कारखान्याच्या ऑफिसातल्या कारकुनानं सांगितलं, "तारीख ना? रात्री बाराला बदलते की." त्याच्या टेबलावर ती बाराला बदलत होती, हे खरंच होतं.

कारखान्याचं गाळप सुरू झालं. पंधरवडा संपत आला तशी एके दुपारी चहाच्या वेळी श्रीरामपूर मॅडम म्हणाल्या, "कारखान्याचे शेतकी अधिकारी फोनवर वैतागले होते. या वर्षी खाडे फार पडतायत म्हणे. तोडणीवाले माजलेत, गाड्याच आणत नाहीत, असं म्हणत होते."

माझा चहा तसाच राहिला. खाडा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या दिवशी गाडीची एकही खेप वजनकाट्यावर आली नाही, त्या दिवशी त्या गाडीला खाडा. त्या कारखान्यात पंधरवड्याला ज्याचे खाडे जास्त, त्याला पुढच्या फडात शेवटचा नंबर. म्हणजे लांबचा, पडलेला, गवतानं भरलेला ऊस. वर मुकादमाच्या शिव्या. आणि नवीन हंगामात कोणी माजत नाही. हातपाय चालतात तोवर माणसं गाड्या आणतातच.

मी यादी उघडली. खाडा पडलेल्या बहुतेक गाड्यांना दुसऱ्याच दिवशी दोन खेपा दिसत होत्या, आणि त्यातली एक रात्री बारा ते चारच्या मधली.

"सोनई, दिवसाचं काम तू गावकीत टाकलंस?"

"हो. का गं?"

"कारखान्यात कुणाला विचारलंस?"

"ऑफिसात."

"काट्यावर?"

"काट्यावर काय वेगळा दिवस असतो का?"

"असतो. पहाटे चारला बदलतो. पाळी बदलते तेव्हा." माझा आवाज चढला होता. "दुपारी रांगेत लागलेली गाडी रात्री दोनला काट्यावर चढते. तो ऊस आदल्या दिवसाचा, खेप आदल्या दिवसाची. तुझ्या कामानं ती दुसऱ्या दिवसात टाकली. आदला दिवस रिकामा, म्हणून खाडा."

"जुन्या कामात चार तास मागं धरलेले होते, मला ती चूक वाटली म्हणून पुसून टाकलं," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी त्याच कारखान्याच्या तळावर राहिलेय."

सरांना फोन केला. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी घेतला. "त्यांना बघायची बंदी आहे, बोलायची नाही. द्या काय द्यायचं ते," म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "पंधरवड्याचं बिल कधी बंद होतं?"

"उद्या पाच वाजता. त्यानंतर खाडे कायम."

"मी सकाळी कारखान्यावर येतो. तुम्ही दोघं या."

ते आले ते काळा मोठा चष्मा लावून, काकूंच्या हाताला धरून. स्वेटर होताच. शेतकी अधिकाऱ्यांच्या खोलीत त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"साहेब, चूक आमची आहे. तुमच्या तोडणीवाल्यांची नाही."

अधिकारी भडकले. "अहो, मी या लोकांना पंधरा दिवस झापतोय! मुकादमांना नोटिसा काढल्यात! हंगाम संपला की तुमचं सॉफ्टवेअर काढून टाकतो बघा."

"काढा," सर म्हणाले. "आधी खाडे काढा."

"खोडाखोड मी करणार नाही. सिस्टिममधून निघाले पाहिजेत. आणि पाचला बिल बंद, ते माझ्या हातात नाही."

सोनई पुढे झाला. बिचारा रात्रभर झोपला नव्हता. "साहेब, दहा मिनिटांत करतो. गावकीतल्या कामातच एक अट टाकतो. कारखाना असेल तर चार तास मागं धर. झालं."

"मग टाक की बाबा!"

"नको," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही कोण?"

"पाथर्डी," सर म्हणाले.

"अगं पोरी, घड्याळ बघ!"

"मला तर काहीच दिसत नाही," सर म्हणाले, "ती बघेल. बोला पाथर्डी, का नको?"

मी म्हणाले, "ती अट गावकीत गेली की उद्या सकाळी साऱ्या डेअऱ्यांच्या मशीनवर जाणार. त्यांचा आणि कारखान्याच्या पाळीचा काही संबंध नाही. तिथं काही बिघडलं तर तिथली माणसं अशीच कुणाच्या तरी शिव्या खात उभी राहतील. आणि दुसऱ्या कारखान्याची पाळी सहाला बदलत असली तर? मग अजून एक अट? कारखान्याचा दिवस कारखान्याच्या घरी पाहिजे. मी काढून तिथं ठेवते. दुपारपर्यंत."

"आणि नाही झालं तर?"

"होईल," मी म्हणाले. मला खात्री नव्हती. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

सरांनी मान हलवली. "तिला काट्याच्या केबिनमध्ये बसवा. ऑफिसात नको."

काट्याच्या केबिनमध्ये मी लॅपटॉप उघडून बसले. काच हादरत होती, ट्रॅक्टर काट्यावर चढत होते, उतरत होते. सोनई माझ्या शेजारी गुपचूप बसला. त्याला मी गावकीतलं काम कारखान्यापासून सोडवायला सांगितलं आणि मी कारखान्याच्या घरात दिवस नव्यानं लिहायला घेतला. दोघांनी एकमेकांचं काम तपासलं. तोवर खिडकीतून बाहेरचं ऐकू येत होतं. सर गाडीतळावर उभे होते, काकूंचा हात धरून, आणि बैल सोडून बसलेल्या माणसांना सांगत होते, "खाडे चुकून पडलेत. मशीनची चूक आहे. मशीन आमचं आहे."

एक बाई पदर खोचून पुढे आली. "आवं, आमी सांगून सांगून दमलो! रातच्याला दोन वाजता वजन झालं, पावती हाय माझ्याकडं, तरी खाडा. मुकादम म्हंतो, तुमी झोपल्या हुत्या."

"पावती आणा," सर म्हणाले. "सगळ्यांनी आणा. मला दिसत नाही. तुम्ही वेळ वाचून सांगा, आत ती पोरगी दिवस कोणता ते सांगेल. जुळलं नाही तर तिला सोडायचं नाही."

"आमाला कुटं वाचता येतंय?"

"मग वाचणारा पोरगा आणा. पण पावती तुमची, उभं तुम्हीच राहायचं."

अशी माझी तपासणी झाली. खिडकीला रांग लागली. एकेक जण पावती धरून वेळ सांगे, मी मशीनमध्ये बघून दिवस सांगे. जुळलं की "व्हय" म्हणून माणूस बाजूला होई. पहिल्या बऱ्याच पावत्या जुळल्या. मग तीच पदर खोचलेली बाई आली. तिची एक पावती चार वाजून काही मिनिटांची. मी म्हणाले, "ही दुसऱ्या दिवसाची, मावशी."

"ह्या! आमी चारच्या आदी चढलो हुतो काट्यावर. पाळीचा भोंगा मागनं झाला."

सोनई कुजबुजला, "पावतीवर तर चारनंतरची वेळ आहे."

मी पावती हातात घेऊन नीट बघितली. तिच्यावर दोन वेळा होत्या. भरलेल्या गाडीचं वजन झालं ती एक, आणि ऊस खाली करून रिकामी गाडी परत काट्यावर आली ती दुसरी. मी दुसरी धरली होती. काटेवाल्याला विचारलं, त्यानं सांगितलं, खेप भरल्या गाडीवरून धरतात. मी मान खाली घातली आणि ते बदललं. आधी जुळलेल्या सगळ्या पावत्या पुन्हा मागवल्या. लोक कुरकुरले. "परत? आता तर व्हय म्हणालो की!" सर बाहेरून ओरडले, "परत म्हणजे परत!" पुन्हा रांग लागली. अधिकारी दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. मी वर बघितलं नाही.

शेवटची पावती जुळली तेव्हा चार वाजायला आले होते. मी पंधरवड्याच्या सगळ्या खेपा नव्यानं लावल्या आणि खाड्यांची यादी छापून अधिकाऱ्यांसमोर ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. काही गाड्यांचे खाडे खरेच होते, कुणाचा बैल बसला होता, कुणी आजारी होतं. ते राहिले. बाकीचे गेले. अधिकाऱ्यांनी यादीवर सही केली. मग बाहेर जाऊन मुकादमांना म्हणाले, "त्या नोटिसा फाडून टाका." सरांशी मात्र ते त्या दिवशी बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत सर झोपले. सोनईला ते एक शब्दही लावून बोलले नव्हते. फक्त उतरताना म्हणाले, "उद्या रात्रपाळीला काट्यावर जाऊन बसा. काही करू नका. बघा." तो गेला. तिथून सकाळी डोळे लाल करून ऑफिसात आला, बॅग ठेवली आणि मला म्हणाला, "पाथर्डी, तिथं बाराला काहीच बदलत न्हाई गं. कुणी वर मानसुद्धा करत न्हाई. चारला मात्र समदं हलतं." मग तो कुणी न सांगता गावकीतल्या एकेका कामाच्या डोक्यावरची नावं काढून तपासत बसला. ज्या गिऱ्हाइकांकडे फोनवर भागवलं होतं, तिथे तो स्वतः जाऊन आला. आज त्याच्याइतकं सावध काम मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही.

ऑपरेशननंतरही सरांची नजर धड परतली नाही आणि त्यांनी ऑफिसला येणं कमी केलं. आले की मशीनवर बसत नसत. आमच्यामागे खुर्ची टाकून ऐकत. कुणी नवीन काही लिहितंय असं कळा दाबण्याच्या आवाजावरून त्यांना समजे, आणि मागून तोच शब्द येई, "कोणासाठी?" एकदा मी वैतागून म्हणाले, "सर, तुम्हाला दिसत तर नाही, मग विचारता कशाला?" ते म्हणाले, "दिसत होतं तेव्हा तरी कुठे मशीनमध्ये बघून कळत होतं?"

त्या पंधरवड्याच्या बिलात एकाही गाडीला चुकीचा खाडा लागला नाही. हंगाम संपल्यावर कारखान्यानं आमचं सॉफ्टवेअर काढलं नाही, आणखी तीन वर्षांचा करार केला. त्या करारानंतर सरांनी गावकीची जबाबदारी माझ्याकडे दिली. तिच्यात काय जायचं आणि घरी काय राहायचं, हे आज मी ठरवते.